कित्ता, पण कशाचा?

आमची देवणी बाहेरच्यांना माहीत आहे ती गायीबैलांमुळे. गावाचा इतिहास शोधायला बसलं की मात्र आधी जिल्ह्यापाशीच अडायला होतं. लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये. त्याआधी आपण उस्मानाबादेत होतो आणि १९५६ पूर्वी उदगीरसोबत बीदर जिल्ह्यात, म्हणजे हैदराबाद संस्थानात. म्हणून १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शनमध्ये आपल्या भागात काय घडलं, हे ‘बीदर’ या नावाखाली शोधावं लागतं.

त्याचा मुख्य आधार सुंदरलाल समितीचा अहवाल. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार हे १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात सहकाऱ्यांसह संस्थानात फिरले. रझाकारांचे जुलूम त्यांनी नोंदवले. नंतरच्या हिंसेत किमान २७ ते ४० हजार माणसं गेली, असा अंदाजही दिला. सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. सरकारने अहवाल छापला नाही. त्यातला भाग १९८८ मध्ये ओमर खालिदींच्या ग्रंथात आला, पुढे २०१३ मध्ये ए. जी. नूरानींच्या पुस्तकात तो छापला गेला.

आता तळटिपांकडे या. हाच आकडा दहा ठिकाणी भेटला, तर वाचक दहा साक्षीदार मोजतो. प्रत्यक्षात साक्ष एकच असते, बाकीचे तिचेच उतारे. हदीसच्या विद्वानांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. ग्रंथ किती, यापेक्षा सनद कुठे एकत्र येते, हे ते पाहत. इमाम मुस्लिम यांच्या संग्रहात एक सनद सोडून दुसरी सुरू होते तिथे ‘हा’ हे एकच अक्षर येतं. सामायिक दुवे पुन्हा लिहावे लागत नाहीत आणि कुठे काय जोडलंय तेही कळतं.

मराठीत हे काम ‘कित्ता’ करतो. शब्द अरबीतून आलेला. जुन्या मोडी हिशेबांत ‘वरीलप्रमाणे’ या अर्थाने तो जागोजागी दिसतो. पण त्याचा जीव वरच्या ओळीत असतो. मध्ये नवी टीप घुसली की खालिदींचा ‘कित्ता’ नूरानींचा होतो. १९४८ सारख्या विषयात एवढी चूक मिळाली, की ज्याला मृतांचा आकडाच नाकारायचा आहे, त्याचं काम सोपं होतं.

म्हणून लिहिताना ‘कित्ता’ हाताने टाकू नये. लाटेकमध्ये बिबलाटेक वापरलं, तर प्रत्येक साधनाला एक खुणेचं नाव द्यायचं आणि टिपेत फक्त ते नाव व पान लिहायचं. पहिल्यांदा पूर्ण संदर्भ, लगेच पुन्हा आला तर ‘कित्ता’, हे सॉफ्टवेअर ठरवतं. परिच्छेद हलवला तरी पुढच्या जुळणीत टिपा दुरुस्त होतात. ‘इबिडेम’च्या जागी ‘कित्ता’ छापायचीही सोय आहे. शिकागो मॅन्युअलने तर २०१७ च्या आवृत्तीत ‘इबिड’पेक्षा आडनाव आणि संक्षिप्त शीर्षक बरं, असं म्हटलंय.

एक गोष्ट मात्र सॉफ्टवेअर करत नाही. अहवाल मुळात वाचला, की नूरानींच्या पुस्तकात, हे लेखकानेच लिहायचं असतं. ‘सुंदरलाल अहवाल, नूरानींच्या ग्रंथातून’ एवढे चार शब्द पुरतात. आपल्या गावांबद्दल कागद आधीच थोडे आहेत; जे आहेत, त्यांची सनद तरी साफ ठेवू या.