बाटली कुणाची?

सोडावॉटरची गोटीची बाटली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. सोडा पिऊन झाला, की बाटली दुकानातच ठेवायची. ती धुऊन, पुन्हा भरून परत येणार. कारखाना गावातच असला तर हे सोपं. पण तो पाचशे किलोमीटरवर असला तर? आणि असे कितीतरी कारखाने असून प्रत्येकाची बाटली वेगळी असली तर?

पश्चिम जर्मनीत झऱ्यांचं खनिजयुक्त पाणी विकणाऱ्या कंपन्यांपुढे हाच प्रश्न होता. १९६९ साली त्यांच्या सहकारी संस्थेनं सर्वांसाठी एकच बाटली स्वीकारली. गुंटर कुपेट्झ यांनी आखलेली ही ०.७ लिटरची काचेची बाटली मधे कमरेसारखी बारीक होती, त्यामुळे हातात नीट बसे. अंगावर काचेचे मणी उठवलेले, जणू पाण्यातले बुडबुडेच. तोंडाला फिरकीचं झाकण. बाटली सगळ्यांची, ओळख फक्त लेबलावरून.

यानं काय साधलं? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 'क' कंपनीचं पाणी ५०० किलोमीटरवरच्या शहरात विकलं जातं. त्या शहराजवळ, ४० किलोमीटरवर, 'ख' कंपनी आहे. बाटल्या वेगवेगळ्या असत्या, तर 'क'ची रिकामी बाटली ५०० किलोमीटर मागे न्यावी लागली असती. आता ती 'ख'कडे जाते. ट्रकला परत यायचंच असतं हे खरं. पण रिकाम्या बाटल्यांऐवजी तो दुसरा माल आणू शकतो. निवडण्याचे कष्ट वाचले, डिझेल वाचलं. शिवाय अशी काचेची बाटली सुमारे ५० वेळा भरता येते. तितक्या वेळा नवी काच वितळवायला भट्टी सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागत नाही.

म्हणजे खर्च आणि पर्यावरण, दोन्हींचा फायदा एकाच दिशेनं होता. पण तो नेहमीच तसा राहत नाही. काच जड असते. जसजसं अंतर वाढतं, तसतसा तिचा फायदा घटतो. दुसरीकडे हलक्या प्लास्टिकच्या, एकदाच वापरायच्या बाटल्या आल्या. स्वस्त दुकानांना त्या सोयीच्या होत्या: धुवायला पाठवायला नको, निवडायला नको.

१९९१ च्या जर्मन नियमानुसार पेयांच्या पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटल्यांचं प्रमाण ७२ टक्क्यांखाली जाऊ द्यायचं नव्हतं. १९९७ साली ते खाली गेलं. म्हणून १ जानेवारी २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्यांवर किमान २५ सेंट अनामत लावली गेली. पुन्हा भरायच्या पाण्याच्या बाटलीवर ती १५ सेंट होती. लोक काचेकडे वळतील अशी अपेक्षा होती. झालं उलटंच. दुकानांनी यंत्रं बसवली. यंत्र बाटली घेतं, अनामत परत देतं आणि बाटली चेपून टाकतं. बाटली परत दिली म्हणजे ती पुन्हा भरली जाणार, असा अनेकांचा समज झाला. पाण्याच्या बाबतीत पुन्हा भरण्याचं प्रमाण घसरतच राहिलं.

परत येणं आणि पुन्हा वापरलं जाणं यांतला हा फरक वर्गात जरूर मांडून पाहा. आपल्या गावात येणाऱ्या दुधाच्या पिशव्या, गॅसचे सिलिंडर, भाजीचे क्रेट यांची यादी मुलांना करू द्या. यांतलं काय परत जातं, किती लांब, आणि त्याचं पुढे काय होतं?