पळसाची लाख आणि विमानाची टाकी

चांद्याच्या रानांत फाल्गुन लागला कीं पळस आपलीं पानें टाकून केशरी फुलांनीं पेटून उठतो. कवींची दृष्टि त्या फुलांवर जाते यांत नवल नाहीं. परंतु रानांत राहणाऱ्या गोंड कुटुंबाची नजर त्याच झाडाच्या कोंवळ्या डहाळ्यांवर असते. कारण त्या डहाळ्यांना वेढून बसलेलें तांबूस, खडबडीत कवच त्यांच्या घरीं मीठमिरचीचा पैसा आणतें. हें कवच म्हणजे लाख. पळस, बोर व कुसुम हीं तिचीं आवडतीं झाडें, आणि चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांच्या रानांत तीं आढळतात. (२६ ऑगस्ट १९८२ पूर्वीं हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता, जुनीं माणसें त्यास चांदा म्हणत.) या लाखेचा आणि हौसेनें घरच्या घरीं विमान बांधणाऱ्या माणसांचा संबंध काय, असा प्रश्न कोणासही पडेल. संबंध आहे, आणि तो पेट्रोलच्या टाकीपाशीं आहे.

लाख हा झाडाचा चीक नव्हे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. ती एका अतिसूक्ष्म किड्याची निर्मिति होय. त्या किड्याचीं पिलें मुंगीहूनही लहान असतात. तीं डहाळीवर पसरतात, सोंड सालींत खुपसून रस शोषूं लागतात आणि त्याच वेळीं आपल्या अंगाभोंवतीं राळेसारखा पदार्थ स्रवतात. मादी एकदां बसली कीं त्या कोठडींतून जन्मांत हालत नाहीं. अशा हजारों कोठड्या एकमेकींस चिकटून डहाळीभर कवच होतें. शेतकरी जसें बियाणें राखतो, तसे जाणते लोक जिवंत किड्यांच्या कांहीं काड्या राखून ठेवतात व त्यांच्या जुड्या नव्या फांद्यांना बांधतात, हीच बीजलाख. काडीवरची लाख खरवडून, कुटून व धुऊन तिच्यांतला लाल रंग काढला म्हणजे दाणेदार लाख उरते. ती लांब कापडी पिशवींत भरून विस्तवासमोर धरतात आणि पिशवी पिळीत जातात. कापडांतून वितळलेली लाख पाझरते, ती कागदासारखी पातळ ताणली कीं झाला चपडा. मध्य हिंदुस्थानच्या रानांतला असा माल कलकत्त्यास जाई व तेथून जगभर पसरे. तेथें मालाची फक्त प्रत पाहत. तो कोणत्या गांवच्या पळसावरचा, हें विचारण्याचें कोणास कारण नसे.

लाखेनें सांधे भरण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. सोनार पोकळ दागिन्यांत लाख भरतो, तलवारीचें पातें मुठींत लाखेनेंच बसवीत, आणि सरकारी लखोट्यावरची मोहोर तर सर्वांच्या ओळखीची. महाभारतांतलें लाक्षागृह मात्र याच्या अगदीं उलट गुणासाठीं प्रसिद्ध आहे: लाख झट्दिशीं पेटते. जो पदार्थ पांडवांना जाळण्यासाठीं योजिला गेला, तोच पुढें वैमानिकाला आगीपासून राखण्यासाठीं उपयोगी पडावा, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

तो उपयोगी पडला याचें कारण पेट्रोलच्या स्वभावांत आहे. पेट्रोल हें मोठें घरफोडें द्रव्य. मेण व डांबर त्यांत विरघळतात, राळ मऊ पडते, साधें रबर फुगून लिबलिबीत होतें. पाणी अडविणाऱ्या भेगेंतूनही पेट्रोल वाट काढतें. लाखेचें मात्र तें कांहीं करूं शकत नाहीं. रसायनशास्त्राचा साधा नियम असा कीं द्रव्य आपल्या जातीच्या द्रवांत विरघळतें. लाखेची घडण तेलाच्या जातीची नाहीं. ती मद्यार्कांत सुखानें विरघळते, पेट्रोलमध्यें जशीच्या तशी राहते. म्हणजे चपडा मद्यार्कांत भिजवून काकवीसारखा पातळ करावा, सांध्यास लावावा, मद्यार्क उडून जाऊं द्यावा. मागें राहते ती पेट्रोलला दाद न देणारी कठीण भिंत. मोटारीच्या आरंभापासून कारागिरांनीं ही गोष्ट हेरली होती, आणि मोटारीच्या मागोमाग विमान आलें.

आरंभींचीं बहुतेक विमानें घरचींच होतीं असें म्हणावयास हरकत नाहीं. राइट बंधूंनीं १९०३ सालीं उडविलेलें विमान त्यांच्या सायकलीच्या दुकानांत घडलें. मराठी घरांतून अशा प्रसंगीं शिवकर बापूजी तळपदे यांचें नांव निघतें. १८९५ सालीं चौपाटीवर त्यांनीं विमान उडविल्याची कथा लोकप्रिय आहे, परंतु तिला समकालीन पुराव्याचा आधार नाहीं, आणि इतिहासानें कथेपुढें एवढें तरी कठोर राहिलें पाहिजे. पुरावा आहे तो मद्रासचा. तेथील हॉटेलचे मालक जॅकोमो द'आंजेलीस यांनीं स्वतःच्या आराखड्यावरून सिम्सन कंपनीच्या गाड्यांच्या कारखान्यांत विमान बांधून घेतलें व १९१० च्या मार्चांत लोकांसमक्ष उडविलें. फ्रान्सांत सान्तोस द्युमों यांनीं आपल्या चिमुकल्या विमानाचे नकाशे त्याच सुमारास सर्वांस मोकळे केले. १९३३ मध्यें आंरी मिन्ये यांचें विमान आलें, आणि खोकीं जोडतां येणाऱ्या कोणासही विमान बांधतां येईल, या त्यांच्या आश्वासनावर युरोपांतले कितीतरी तरुण कामास लागले. त्या विमानानें पुढें कांहींचे बळी घेतले. दोष पंखांच्या मांडणीचा होता.

टाकीचा दोष निराळ्या प्रकारचा असतो. तो विमान पाडतोच असें नाहीं. तो प्रथम एक थेंब पाडतो. लहान विमानांत पेट्रोल आपल्या वजनानेंच एंजिनाकडे वाहावें म्हणून टाकी उंच बसवीत. टायगर मॉथ या विमानावर आपल्या देशांतले कितीतरी वैमानिक शिकले. त्याची १९ गॅलनांची टाकी वरच्या पंखाच्या मध्यभागीं होती. अमेरिकेच्या पायपर कब विमानांत सुमारें ४५ लिटरांची टाकी नाकाडांतच, एंजिनाच्या मागें व बसणाराच्या गुडघ्यांपुढें असे. पलीकडे तापलेलें एंजिन, अलीकडे माणूस. अशा ठिकाणीं एक आटा सैल राहिला तर काय होईल, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

टाकीचा पत्रा सहसा गळत नाहीं. गळतात त्या जोडण्या: पेट्रोल घालण्याचें तोंड, खालची तोटी, मापकाची चकती, हवेची नळी. पितळ, तांबें किंवा कल्हईचा पत्रा असेल तर झाळून भागे. अ‍ॅल्युमिनियम आलें तेव्हां तें झाळेस दाद देईना, म्हणून रिव्हेट मारून वा वितळजोड करून टाक्या होऊं लागल्या, आणि प्रत्येक रिव्हेट हें एक छिद्रच होय. तोटी ज्या आट्यांवर बसते ते आटे किंचित निमुळते असतात, म्हणून पिळतांना एकमेकांत घट्ट रुततात. तरी दोन आट्यांच्या मधून मळसूत्राच्या वाटेनें एक बारीक पोकळी राहतेच. त्या पोकळींत लाख भरावयाची. येथें हाताची शिस्त लागते. टोकाकडचे पहिले दोन आटे कोरडे ठेवावयाचे, कारण तेथली लाख आंत ढकलली जाते, तिचा कपचा सुटून पेट्रोलबरोबर वाहतो आणि कार्ब्युरेटरच्या केसाएवढ्या भोंकांत जाऊन बसतो. गळती थांबविण्याच्या उत्साहांत एंजिनच बंद पडावें, यासारखी दुर्दैवी हुशारी दुसरी नाहीं. हल्लीं नळकाम करणारे पांढरी पट्टी गुंडाळतात, ती पेट्रोलच्या टाकीस वर्ज्य मानतात तेंही याच कारणानें: तिचे तंतु सुटतात.

जोडणी झाल्यावर परीक्षा. सर्व तोंडें बंद करून आंत अगदीं थोडी हवा भरतात व सांध्यांवर साबणाचें पाणी फांसतात; बुडबुडा उठला कीं चोर सांपडला. थोडी हवा म्हणण्याचें कारण असें कीं पातळ पत्र्याची चपटी टाकी दाब सोसत नाहीं, फुगून तिचे शिवणजोड उसवतात. घरीं विमान बांधणारे लोक हवेच्या नळीवर रबरी फुगा चढवून तो एक दिवस तसाच ठेवतात. सकाळीं फुगा मलूल दिसला तर पुन्हा साबण घेऊन बसतात. दुपारच्या उन्हानें फुगा आपोआप ताठतो व रात्रीं सैल पडतो, हें ध्यानांत न घेतल्यास मनुष्य निष्कारण घाबरतो किंवा निष्कारण निर्धास्त होतो.

लाखेचें दुसरें काम मापकांतलें. कब विमानाचा पेट्रोलमापक म्हणजे बुचाच्या लाकडाचा तुकडा व त्याला खोंचलेली तार. टाकी भरली कीं तार झाकणांतून उंच येते, रिकामी होतां होतां खालीं जाते. पण उघडें बूच पेट्रोल पितें, जड होतें व बुडतें. मग टाकी भरलेली असूनही ती रिकामी दिसते. म्हणून त्या बुचावर लाखेचे हात देत. जुन्या कार्ब्युरेटरांतले बुचाचे तरंगतेही असेच लाखेनें मढविलेले असत. १९४२ सालीं, महायुद्ध ऐन भरांत असतां, अमेरिकेनें लाखेच्या नागरी वापरावर कडक निर्बंध घातले. ग्रामोफोनच्या तबकड्या बनविणाऱ्यांना जुन्या तबकड्या वितळवून नव्या कराव्या लागल्या. पळसाच्या किड्याची किंमत त्या वर्षीं जगास कळली.

आतां लाखेच्या वैऱ्याकडे वळूं. चांद्याच्या रानांत जेथें पळस आहे तेथें मोहही आहे. मोहाच्या फुलांचें मद्य निघतें, आणि मद्यार्क लाखेला विरघळवितो, हें वर आलेंच आहे. एक झाड पेट्रोलला अडविणारी भिंत देतें, शेजारचें झाड ती पाडणारा द्रव देतें. हा रानांतला योगायोग पुढें व्यवहारांत उतरला. पेट्रोलमध्यें मद्यार्क मिसळण्याचा कायदा हिंदुस्थानांत १९४८ सालींच झाला होता. परंतु ती मिसळ खरी रुजली ती एकविसाव्या शतकांत, उसापासून व धान्यापासून काढलेल्या इथेनॉलच्या रूपानें. २०२२ सालीं तिचें प्रमाण शेंकडा १० झालें व २०२५ मध्यें शेंकडा २०. देशाचें परकीय चलन वांचावें व शेतकऱ्यास बाजार मिळावा, हे त्यामागचे हेतु समजण्यासारखे आहेत. परंतु विमानाच्या खास पेट्रोलांत मद्यार्क चालत नाहीं. तें पेट्रोल महाग व दुर्मिळ, म्हणून हौशी माणसास मोटारीच्या पेट्रोलचा मोह पडतो. तें जुन्या टाकींत गेलें कीं आट्यांतली लाख मऊ पडते, बुचावरचा लेप सुटून चिकट गाळ होतो आणि गाळणींत अडकतो. मद्यार्काची दुसरी खोडी अशी कीं तो हवेंतलें पाणी ओढून घेतो व थंडींत तें पाणी घेऊन टाकीच्या तळाशीं वेगळा बसतो.

यावरची परीक्षा कोणाच्याही स्वयंपाकघरांत करतां येईल इतकी सोपी आहे, मात्र ती मोकळ्या हवेंत व विस्तवापासून दूर करावयाची. उंच काचेच्या नळींत थोडें पाणी घेऊन त्याच्या पातळीवर खूण करावी, वर पेट्रोल घालून हालवावें आणि स्थिर होऊं द्यावें. पाण्याची पातळी खुणेवर राहिली तर पेट्रोल शुद्ध. पाणी वाढलेलें दिसलें, तर जेवढें वाढलें तेवढा मद्यार्क पेट्रोलांतून निघून पाण्यास मिळाला.

विमानविद्येनें लाखेला निरोप दिला तो मात्र इथेनॉल येण्यापूर्वींच. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत जोसेफ पॅट्रिक यांना गोठूं न देणाऱ्या स्वस्त द्रवाच्या शोधांत एक दुर्गंधी, रबरासारखा गंधकयुक्त गोळा हातीं लागला. त्याचा वास असह्य, पण पेट्रोल त्यास शिवत नसे, आणि लाखेसारखा तो ठिसूळही नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्याचें द्रवरूप सांपडलें, तेव्हां टाकी वेगळी करण्याची गरजच कमी झाली. पंखाची पोकळी आंतून लिंपून तींतच पेट्रोल भरूं लागले. हा लेप दोन भाग मिसळून करतात, तो ठराविक वेळांत लावावा लागतो, आणि पृष्ठभागावर बोटाचा तेलकट ठसा जरी राहिला तरी तेथें तो धरीत नाहीं. मुंबईच्या चारकोप भागांत इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनीं सहा आसनांचें विमान बांधलें, तें लाखेच्या युगानंतरचें. २०१६ च्या फेब्रुवारींत तें वांद्रे-कुर्ला संकुलांतल्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, २०१७ च्या नोव्हेंबरांत त्याची सरकारदरबारीं नोंद झाली आणि २०२० सालीं धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या उड्डाणचाचण्या झाल्या. बांधण्यास लागलीं त्याहून परवानगीस लागलेलीं वर्षें फार कमी नव्हतीं.

लाखेचा बाजार १९५० नंतर तबकड्या प्लास्टिकच्या झाल्या तेव्हांच बसला होता. रानांतल्या माणसाचा त्यांत कांहीं दोष नव्हता, पण भाव पडला तो त्याच्या अंगणांत. २००६ च्या वनहक्क कायद्यानें लाखेसारख्या गौण वनोपजावर गांवकऱ्यांचा हक्क मान्य झाला, २००९ सालीं गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गांवास सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०१३-१४ पासून लाखेस सरकारी आधारभावाच्या यादींत स्थान आहे. आज ती मुख्यतः औषधाच्या गोळ्यांवर, मिठायांवर व फळांवर चकाकी देते. विमानांत ती उरली आहे ती जुन्या टायगर मॉथांची नि कबांची मनोभावें डागडुजी करणाऱ्यांच्या हातांत. ते मद्यार्कविरहित पेट्रोल शोधून आणतात, नवें बूच कोरतात, त्याला चपड्याचे तीन-चार हात देतात, आणि प्रत्येक हात पुरता वाळल्याखेरीज दुसरा देत नाहींत.