माथ्यावरची तांबडी रेघ

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले म्हणजे वर्षातून एकदा आपली मान वर जाते. एरवी छताकडे कोण पाहतो? आमच्या वसईच्या घरात ते काम माझ्याकडे असते. कारण उंची मला आणि धुळीची सर्दी इतरांना. यंदा काठीला केरसुणी बांधून माडीवरची जळमटे काढताना दोन फळ्यांमधल्या बारीक फटीत शेंदराची एक रेघ दिसली, आणि जळमटे तशीच राहिली.

आमच्या माडीला तक्तपोशी आहे. हा शब्द आता शाळेतल्या मुलांना फोड करून सांगावा लागतो. तो फारसीतून आला. फळ्यांनी झाकणे एवढाच त्याचा अर्थ. पुण्याच्या वाड्यांत तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट घालीत. वरच्यांची जमीन तेच खालच्यांचे छत. आमच्याकडे कौलांखाली नुसती फळ्यांची तक्तपोशी पुरते. कौलातली धूळ, पावसाचा तुषार आणि एखादी पाल थेट ताटात येऊ नये एवढीच तिच्याकडून अपेक्षा.

पण फळ्या नुसत्या शेजारी शेजारी ठोकून भागत नाही. लाकूड तोडले तरी त्याची तहान मरत नाही. पावसाळ्यात ते हवेतली ओल पिऊन रुंदावते, उन्हाळ्यात आक्रसते. म्हणून एका फळीच्या कडेला जीभ काढायची, दुसरीच्या कडेला खोबण पाडायची, आणि जीभ खोबणीत सरकवायची. फळी आक्रसली तरी जीभ फट झाकून ठेवते.

एवढी विद्या मला पूर्वी असती तर बरे झाले असते. काही वर्षांपूर्वी ऐन वैशाखात मी माडीला नव्या फळ्या मारून घेतल्या. यंत्रावर जीभ-खोबण पाडून आलेल्या, गुळगुळीत. कारागिराने त्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अशा ठासून बसवल्या की केस शिरू नये. मी खूश होऊन त्याला वर बक्षिसी दिली! आषाढात छताला पोट सुटले. एका रात्री एक फळी अशी कडाडली की आई रामरक्षा म्हणत उठली.

तेव्हा अर्नाळ्याकडचा एक म्हातारा सुतार आला. त्याचा जन्म होड्या बांधण्यात गेलेला. वर पाहून म्हणाला, “मास्तर, फळीला श्वास घ्यायला जागा कुठे ठेवलीत?” त्याने सगळे उतरवले. भिंतीलगत बोटभर मोकळीक ठेवली आणि ती वरून पट्टीने झाकली. खिळा प्रत्येक फळीच्या जिभेतूनच तिरपा मारला, म्हणजे तो पुढच्या फळीखाली लपतो आणि फळीची दुसरी कड हलायला मोकळी राहते. जिथे सांधा नीट बसेना तिथे जिभेला शेंदूर फासून तो फळी दाबून पाही. जिथे तांबडे उमटे तेवढेच पटाशीने काढी.

हा शेंदूर मला पुढे एका डच माणसाच्या प्रवासवर्णनात भेटला, तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. स्टाव्होरिनस हा डच नौदलातला कप्तान १७७५ च्या सुमारास सुरतेत होता. तो लिहितो की युरोपात फळ्यांच्या सपाट कडा एकमेकींना भिडवतात, तर इथले सुतार कडांना खाचा पाडून एक फळी दुसरीत बसवतात. कडेला शेंदूर फासतात, वर दुसरी फळी दाबतात, उमटलेला उंचवटा काढतात, आणि सांधा नेमका जुळेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करतात. मग लोखंडासारखा घट्ट होणारा चीक आणि कापसाचा पातळ थर देऊन फळ्या खुंट्यांनी जखडतात. सांधा डोळ्यांना जेमतेम दिसतो. जहाज असो की माडी, पाण्याशी भांडण एकच. किनाऱ्यावर घराचा सुतार आणि गलबताचा सुतार एकमेकांकडे पाहूनच शिकले असावेत, असे मला तरी वाटते.

आमचा मुलूखही जहाजांचाच. पोर्तुगीजांनी १५३० च्या सुमारास आगाशी लुटली, तेव्हा तिथे जहाजे बांधली जात. १५३४ साली वसई त्यांच्या हाती गेली. सुरतेचा लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईला आला आणि तिथल्या गोदीचे घराणे उभे राहिले. पुढे याच घराण्याच्या हातून १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे.

लवजी मुंबईला आल्यानंतर तीनच वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजीअप्पांनी वसई घेतली. त्या रणाचे वर्णन आपण शाळेत पाठ केलेले असते. घंटा कुठे कुठे गेल्या तेही ठाऊक असते. छतांची मात्र कुणी विचारपूस करीत नाही. आज किल्ल्यात गेलात तर चर्चच्या भिंती, कमानी, दगडातली नक्षी सारे पाहायला मिळते. माथ्यावर बहुतेक ठिकाणी आकाश. मुलांची सहल नेली की एखादा तरी विचारतो, “सर, यांना छप्परच नव्हते का?” होते, पण लाकडाचे होते.

शनिवारवाड्याचे तेच. १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. दगडी तट आणि जोती तेवढी उरली. मौज अशी की त्याच वर्षाच्या डिसेंबरात, सातासमुद्रापार अमेरिकेत, विल्यम वुडवर्थ नावाच्या गृहस्थाने फळी रंधून तिला जीभ आणि खोबण पाडणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. सुताराचे कितीतरी तासांचे काम घटकेत होऊ लागले. यंत्राशी माझे भांडण नाही, माझ्या फळ्याही त्यातल्याच. पण बोटभर जागा कुठे सोडायची ते यंत्र सांगत नाही, आणि माझ्या पहिल्या कारागिराला ते सांगणारे कुणी भेटले नसावे.

म्हाताऱ्याचा थोडा शेंदूर जिभांवर राहून गेला होता. पावसाळ्यात फळ्या मिटल्या की तो दिसत नाही. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी होऊ लागते आणि रेघ केसाएवढी उमटते. चैत्रापर्यंत ती चांगली सुतळीएवढी होते. खालून हाक आली, “जळमटं झाली का काढून?” मी पुन्हा काठी उचलली.