‘कॉनोपोरा’चा वाद आणि डॉ. हेन्री कार्टर

पिंपळे गुरव येथे पवनेच्या काठी आढळणारा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. प्रवाळांचे जीवाश्म त्यात मिळावयाचे नाहीत. तथापि आपल्याकडील भूशास्त्राच्या आरंभीच्या अभ्यासकांपैकी एकाचा संबंध प्रवाळ-जीवाश्मांच्या एका जुन्या वादाशी येतो. मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. हेन्री जॉन कार्टर (१८१३–१८९५) यांनी पश्चिम हिंदुस्थानच्या भूशास्त्रावरील निबंधांचा संग्रह १८५७ मध्ये प्रसिद्ध केला. निवृत्तीनंतर ते इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात, आपल्या जन्मगावी, परतले. आणि ‘कॉनोपोरा’ हा त्याच परगण्यातील चुनखडकांतून परिचित झालेला जीवाश्म त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला.

‘कॉनोपोरा’ हे नाव जॉन फिलिप्स यांनी १८४१ मध्ये दिले. डेव्होनियन कल्पातील स्ट्रोमॅटोपोरा हा जीवाश्म एकावर एक रचलेल्या पातळ पापुद्र्यांचा असतो. कॉनोपोरात या पापुद्र्यांना भेदून उभ्या नळ्या गेलेल्या दिसतात. म्हणून तो स्वतंत्र वंश मानला गेला. कार्टर यांनी १८७९ मध्ये असे प्रतिपादन केले की, हा एक जीव नसून दोन जीवांचे सहजीवन होय. हे मत त्यांचे एकट्याचे नव्हते. पुढे नळ्या सिरिंगोपोरासारख्या प्रवाळांच्या ठरल्या.

या निर्णयास आधार काय? नळीला स्वतःची स्वतंत्र भित्ती असते, आणि तसलाच स्ट्रोमॅटोपोरा नळ्यांवाचूनही सापडतो. परंतु एवढ्याने दोघे एकाच वेळी जिवंत होते, असे सिद्ध होत नाही. त्यासाठी खडकाचा पातळ छेद पाहावा लागतो. नळीपाशी पापुद्रे वळलेले असतील, तर आश्रयदाता तेव्हा वाढत होता. प्रवाळ झिजलेल्या पृष्ठभागावर बसलेला असेल, तर आश्रयदाता आधीच मृत झालेला होता. या सहवासात स्पर्धाही होती. नळीचे मुख पापुद्र्यांच्या वर राहणे आवश्यक होते. वाढीत मागे पडलेली नळी गाडली जाई.

कार्टर यांनी स्ट्रोमॅटोपोराचे नाते हायड्रॅक्टिनियाशी जोडले होते. १९७० नंतर चुनखडी सांगाडा असलेल्या विद्यमान स्पंजांशी तुलना होऊन त्याची गणना सामान्यतः स्पंजांत होऊ लागली. त्यांचे वर्गीकरण मागे पडले. दोन जीव ओळखणारे निरीक्षण मात्र टिकले. म्हणून संग्रहातील नमुन्यावर एकच नाव लिहिण्यापूर्वी त्याचा छेद घेऊन पाहणे अगत्याचे आहे.