पायातील धमनीची बलून अँजिओप्लास्टी : टिकते किती, वाचवते किती?

तंजावर : चालताना पोटरीत गोळा येणे, थांबल्यावर तो निवळणे, पुढे रात्री अंथरुणातही पाऊल ठणकणे आणि अखेर बोटाची जखम महिनोन्महिने न भरणे, हा पायाच्या धमन्या अरुंद होण्याचा परिचित क्रम आहे. मधुमेहात पायाची संवेदना बोथट झाली असेल, तर सुरुवातीच्या खुणा पुष्कळदा जाणवतच नाहीत. कावेरीच्या खोऱ्यात भातखाचरात अनवाणी राबणाऱ्याला थेट जखमच दिसते. अशा वेळी बलून अँजिओप्लास्टी सुचवली गेली की नातेवाईक विचारतात, हे किती वर्षे टिकेल? या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत : धमनी किती काळ उघडी राहील आणि पाय किती काळ शाबूत राहील. दोहोंची उत्तरे एक नाहीत.

हा उपचार हृदयाआधी पायावर झाला, हे फारसे ठाऊक नसते. अमेरिकेत पोर्टलंड येथे १६ जानेवारी १९६४ रोजी डॉ. चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका महिलेच्या मांडीतील धमनी क्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्यांनी रुंदावली. बोटांना गँगरीन झालेले असूनही तिने पाय कापण्यास नकार दिला होता. त्यानंतर ती सुमारे तीन वर्षे जगली आणि अखेरपर्यंत स्वतःच्या पायांवर चालली. झुरिकमध्ये डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७४ मध्ये पायाच्या धमनीत फुगा वापरला. हृदयाची पाळी १९७७ मध्ये आली.

फुगा धमनीतील चरबी आणि चुन्याचा थर काढून टाकत नाही; तो थर तडकवून भिंतीवर दाबतो. भिंतीला झालेली ती इजा भरून येताना पेशी वाढतात आणि वाट पुन्हा आकसू लागते, बहुधा पहिल्या वर्षभरात. कमरेजवळच्या रुंद धमनीत निकाल दीर्घकाळ चांगले राहतात. मांडीतील धमनी प्रत्येक पावलागणिक वाकते, पिळवटते; तेथे टिकाऊपणा कमी. गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांत तो सर्वांत कमी, आणि मधुमेहात नेमक्या त्याच बाधित होतात.

तरीही पाय वाचतो. गुडघ्याखालील अँजिओप्लास्टीच्या ३० अभ्यासांचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले एकत्रित विश्लेषण याबाबत बोलके आहे. तीन वर्षांनी नव्या उपचाराविना उघड्या राहिलेल्या धमन्या सुमारे ४९ टक्के होत्या, पण वाचलेले पाय ८२ टक्के. शिरेच्या बायपासमध्ये धमनी उघडी राहण्याचे प्रमाण ७२ टक्के असूनही वाचलेल्या पायांचे प्रमाण तेवढेच, ८२ टक्के होते. जखम भरेपर्यंत जास्त रक्त लागते. भरलेली कातडी टिकवायला त्याहून कमी पुरते. म्हणून काही महिन्यांची मोकळी वाटही पाऊल वाचवू शकते.

औषधाचा लेप असलेल्या फुग्याने टिकाऊपणा वाढतो. मांडीतील धमनीच्या ३३१ रुग्णांच्या एका चाचणीत वर्षअखेर ८२ टक्के धमन्या उघड्या होत्या. साध्या फुग्याने ५२ टक्के. पाच वर्षांनी मात्र त्याच जागी पुन्हा उपचार न लागलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ७५ आणि ६५ टक्के, म्हणजे अंतर बरेच कमी झाले. या लेपातील पॅक्लिटॅक्सेलमुळे मृत्यू वाढतात, अशी शंका २०१८ मध्ये उपस्थित झाली होती. उपलब्ध माहिती तिला दुजोरा देत नाही, असे अमेरिकी औषध नियामकाने जुलै २०२३ मध्ये स्पष्ट केले.

फुगा की बायपास, हा वाद अद्याप मिटलेला नाही. ब्रिटनमधील ४५२ रुग्णांच्या ‘बेसिल’ चाचणीत पहिली दोन वर्षे दोन्ही उपचार सारखे ठरले. त्यापुढे जगलेल्यांना बायपास लाभदायक दिसला. २०२२ च्या ‘बेस्ट-सीएलआय’मध्ये पायातील चांगली शीर उपलब्ध असलेल्यांना बायपास सरस ठरला. उलट २०२३ च्या ‘बेसिल-२’मध्ये गुडघ्याखालील आजारात फुगा पुढे राहिला, तोही मुख्यतः मृत्यू कमी झाल्यामुळे.

या तिन्ही चाचण्यांत भारतीय रुग्णालये नव्हती. देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा आयसीएमआरच्या पाहणीचा २०२३ मधील अंदाज पाहता ही उणीव मोठी आहे. रुग्णनिहाय नोंदींची परंपरा तंजावरला तरी नवी नाही : सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांची चित्रांसह टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत.

अँजिओप्लास्टीनंतर अशा रुग्णाला पायाइतकाच धोका हृदयविकार आणि पक्षाघाताचा असतो. त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी व कोलेस्टेरॉलची गोळी, साखर व रक्तदाबावर नियंत्रण आणि विडी-सिगारेट पूर्ण बंद, हा उपचाराचाच भाग आहे. तमिळनाडूत ५ ऑगस्ट २०२१ पासून ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ योजनेत मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या घरपोच दिल्या जातात. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी असणे हे धमनी अरुंद असल्याचे लक्षण. मधुमेहात कडक झालेल्या धमन्यांमुळे हा आकडा फसवा येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्यातील दाब मोजावा लागतो. उपचारानंतर वेदना परतली किंवा नवी जखम दिसली, तर पुढील तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठणे आवश्यक असते.