मालवणी बोली आणि उच्च माध्यमिक शिक्षण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या परिसरात घरात आणि बाजारात प्रामुख्याने मालवणी बोलली जाते. मराठी शाळांचे माध्यम व परीक्षेची भाषा मात्र प्रमाण मराठी आहे. बारावीच्या निकालात कोकण विभाग सातत्याने राज्यात अग्रस्थानी राहिला असून २०२५ मध्ये या विभागाचा निकाल ९६.७४ टक्के लागला. शिक्षणात इतक्या पुढे असलेल्या प्रदेशात विद्यार्थ्याच्या घरच्या बोलीला अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमात स्वतंत्र स्थान का लाभले नाही, याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वर्गीकरणाचा इतिहास

मालवणीकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले, असे म्हणता येत नाही. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोकणीला मराठीची बोली मानले असून 'कुडाळी'ची नोंद कोकणीच्या अंतर्गत केली आहे. पुढे १९६५ मध्ये डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत कुडाळीचा स्वतंत्र अभ्यास सादर केला. जनगणनेच्या कोष्टकांत मालवणी ही मातृभाषा कोकणी या भाषेखाली गणली जाते. म्हणजे एकच बोली कधी मराठीच्या, तर कधी कोकणीच्या दालनात ठेवली गेली. 'माका जावचा आसा' या साध्या वाक्यातील 'क' हा प्रत्यय व 'आसा' हे क्रियापद गोव्याच्या कोकणीशी नाते सांगतात. याउलट येथील लेखनाची, कीर्तनाची व शाळेची परंपरा मराठीची आहे.

सीमेचा परिणाम

या अनिश्चिततेला राजकीय इतिहासाची जोड मिळाली. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल घेण्यात आला आणि महाराष्ट्रातील विलीनीकरण तेथील मतदारांनी नाकारले. त्या काळात कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा प्रश्न केवळ भाषाशास्त्राचा उरला नव्हता. पुढे १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला मान्यता दिली, १९८७ मध्ये गोव्यात राजभाषा कायदा संमत झाला आणि १९९२ मध्ये कोकणीचा समावेश घटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला. परिणामी तेरेखोलच्या पलीकडे उच्च माध्यमिक स्तरावर कोकणी व मराठी या दोन्ही विषयांना पाठ्यपुस्तके, शिक्षक व परीक्षा लाभल्या. अलीकडे मालवणी ही मराठीची बोली म्हणून गृहीत धरली गेली. बोली म्हटली की तिला स्वतंत्र विषय नको आणि प्रमाणभाषेच्या वर्गात ती दोष ठरते, अशी दुहेरी अडचण त्यातून निर्माण झाली.

रंगभूमी आणि प्रतिष्ठा

शाळेबाहेर मालवणीला मान्यता मिळाली ती रंगभूमीमुळे. गंगाराम गवाणकर लिखित 'वस्त्रहरण' हे नाटक १९८० मध्ये रंगभूमीवर आले व मच्छिंद्र कांबळी यांनी ते लोकप्रिय केले. या यशाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. मालवणी म्हणजे विनोदाची भाषा, अशी समजूत त्यामुळे अधिक दृढ झाली. दशावतारातही राजा व देव प्रौढ मराठीत बोलतात, तर संकासुर मालवणीत बोलून हशा मिळवतो. परंतु याच प्रदेशात देवळात घातले जाणारे गाऱ्हाणे हा बोलीचा अत्यंत गंभीर, नियमबद्ध आविष्कार आहे. गावाच्या वतीने देवासमोर केलेली मागणी, तिचा ठरलेला क्रम आणि जमलेल्यांचा 'होय महाराजा' हा प्रतिसाद यांतून बोलीचे औपचारिक रूप दिसते. ते रूप श्रवणानेच पुढील पिढीकडे जाते. ऐकणारा तरुण शिक्षणासाठी व नोकरीसाठी गाव सोडून गेला की ही साखळी तुटते.

एक तुलना

या संदर्भात न्यूझीलंडमधील सामोअन भाषेचे उदाहरण उद्बोधक ठरते. पश्चिम सामोआ १९१४ पासून न्यूझीलंडच्या ताब्यात होता व १९६२ मध्ये स्वतंत्र झाला. तेथून न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांची भाषा आज त्या देशातील माध्यमिक शाळांच्या अखेरच्या वर्षांत परीक्षेचा विषय आहे. सामोअनमध्ये नित्य व्यवहाराची शब्दावली आणि आदरार्थी शब्दावली वेगवेगळी असून सभेतील वक्तृत्वाला विशेष मान आहे. घरात नित्याची भाषा कानावर पडली तरी तिचे हे औपचारिक रूप मुद्दाम शिकावे लागते. अर्थात सामोअन ही एका स्वतंत्र राष्ट्राची भाषा आहे. मालवणीची स्थिती तशी नाही. तरीही घरात भाषा बोलली जाते म्हणून ती शिकविण्याची गरज नाही, हा युक्तिवाद अपुरा आहे, एवढे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

मालवणी उच्च माध्यमिक अभ्यासक्रमाबाहेर राहिली, याचे कारण तिच्यातील साहित्यिक उणिवेपेक्षा वर्गीकरणाच्या व सीमेच्या इतिहासात अधिक आढळते. म्हणून ती मराठी की कोकणी, या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. वि. स. खांडेकरांनी शिरोड्याच्या शाळेत अध्यापन केले, चिं. त्र्यं. खानोलकर व जयवंत दळवी याच भूमीतून आले. प्रमाण मराठी या जिल्ह्याला परकी नाही आणि तिला बाजूला सारण्याचीही आवश्यकता नाही. मराठी विषयाच्या तोंडी परीक्षेत व अंतर्गत मूल्यमापनात गाऱ्हाणी, म्हणी, दशावतारातील उत्स्फूर्त संवाद आणि मासेमारी व शेतीची शब्दावली यांचे संकलन करून घेता येईल. हे काम कनिष्ठ महाविद्यालयातील प्राध्यापकांनी आताच हाती घेतले पाहिजे. कारण ही सामग्री ज्यांच्या मुखी आहे ती पिढी वृद्ध झाली आहे.