घंटेचा दोर: सुंभापासून नायलॉनपर्यंत



ह्या महोत्सवी स्मरणिकेंत आमच्या देवळाच्या भिंतींविषयीं, वेदीविषयीं व घंटेविषयीं इतरांनीं लिहिलें आहेच. परंतु ज्याच्या आधारें ती घंटा वाजते त्या दोराची आठवण कोणास होत नाहीं. म्हणून हें लहानसें काम आम्हीं आपल्याकडे घेतलें आहे.

आम्ही ह्या धर्मग्रामांत आलों तेव्हां घंटेस सणाचा दोर होता. मृगाच्या सरी सुरू झाल्या कीं तो आखडे. त्याचें टोंक हळूहळू वर चढे आणि घंटा वाजविणाऱ्या वृद्ध सेवकास बांकावर उभें राहून तें धरावें लागे. पावसाळा सरून कडक ऊन पडलें म्हणजे तेंच टोंक पुन्हां खालीं येई. पुढें तो दोर जीर्ण झाला, आणि आम्हीं कोणाचाहि सल्ला न घेतां बाजारांतून नायलॉनचा चकचकीत दोर आणविला. पहिल्याच रविवारीं सेवकानें तो ओढला, दोर ताणला गेला, आणि घंटा मात्र उशिरां व अर्धवट वाजली. तो म्हणाला, "फादर, दोर मजबूत आहे खरा, पण तो हाताचें ऐकत नाहीं." ह्या एका वाक्यानें आम्हांस दोरांच्या इतिहासाकडे वळविलें.

प्रथम दोर म्हणजे काय तें पाहूं. वीतभर लांबीचे दुबळे तंतु एकत्र पिळले म्हणजे सूत होतें. अनेक सुतांचा एक पेड होतो. आणि तीन पेड उलट दिशेनें वळले म्हणजे दोर तयार होतो. सुताचा पीळ एका बाजूस सुटूं पाहतो, पेडांचा दुसऱ्या बाजूस. ह्या दोन ओढींचा तोल साधल्यामुळेंच दोर उलगडत नाहीं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं ही म्हण आपण हट्टी मनुष्यास लावतों, परंतु दोराचें सारें मर्म तीत आलें आहे. ही विद्या फार प्राचीन आहे. फ्रान्स देशांतील आब्री द्यु मारा ह्या ठिकाणीं एका दगडी पात्यास चिकटलेला दोऱ्याचा चिमुकला तुकडा सांपडला, व त्याचें वर्णन २०२० सालीं प्रसिद्ध झालें. झाडाच्या आंतल्या सालीच्या तंतूंचा, तीन पेडांचा हा दोरा ४१,००० ते ५२,००० वर्षांपूर्वीं नीअँडर्थल मानवांनीं वळलेला आहे. शेती, चाक व धातु ह्यांच्या कितीतरी आधीं पीळ मनुष्याच्या हातीं आला होता.

आपल्या किनाऱ्याचा मूळ दोर म्हणजे नारळाच्या काथ्याचा सुंभ. नारळाचीं सोडणें पाण्यांत महिनोन् महिने कुजवीत ठेवून, मग तीं झोडपून काथ्या निघतो. ह्या तंतूंत लाकडाचा अंश पुष्कळ असल्यामुळें खारें पाणी त्यास लवकर खात नाहीं. तो पाण्यावर तरंगतो, आणि ताण पडला असतां थोडा लांबून धक्का सोसतो. सणाच्या मानानें त्याची शक्ति कमी. परंतु समुद्रांत तो टिकतो, हा त्याचा मोठा गुण होय.

ह्या सुंभाचा आमच्या धर्मेतिहासाशीं एक जिवंत संबंध आहे. सन १३२१ च्या एप्रिल महिन्यांत ठाणें येथें चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंस हौतात्म्य प्राप्त झालें. त्यांचे सोबती, डॉमिनिकन धर्मगुरु जॉर्दानुस, ह्यांनीं पुढें ह्या देशाचें वर्णन लिहून ठेविलें. इकडील मोठमोठीं जहाजेंहि लोखंडानें न जोडतां सुईदोऱ्यानें शिवलेलीं असतात, ह्याचें त्यांस मोठें नवल वाटलें. थोड्याच काळानें फ्रान्सिस्कन प्रवासी ओदोरिक हे होर्मुज बंदरांत अशाच एका जहाजावर चढले. त्या जहाजांत लोखंडाचा एक तुकडाहि आपणांस आढळला नाहीं असें ते लिहितात. आणि तरीहि २८ दिवसांत त्या जहाजानें त्यांस सुखरूप ठाण्यास पोंचविलें. त्या हुतात्म्यांच्या अस्थि येथून उचलून पुढें चीन देशापर्यंत नेणारे हेच ओदोरिक होत. खिळ्यांनीं जोडलेलें जहाज वाळूवर आदळलें तर त्याच्या फळ्या फुटतात. शिवलेलें जहाज किंचित् वांकतें व सांवरतें. म्हणजे आपल्या पूर्वजांनीं काथ्याचें दुबळेपण जाणलें होतें, आणि त्याच्या लवचिकपणाचा उपयोगहि जाणला होता.

जमिनीवरील कामांस दुसरे तंतु होते. सण, अंबाडी, घायपाताचा वाख आणि कापूस ह्यांपासून घरोघरीं दोर वळले जात. आमच्या भाषेंतील शब्दच पाहा: गाईस दावें, बैलास कासरा, मोटेस नाडा आणि सोल, दह्यादुधास शिंकें. दर एका कामाचें नांव निराळें, कारण दर एका दोराची जाडी, मऊपणा व पीळ निराळा. काम आधीं पाहावयाचें आणि दोर मागून निवडावयाचा, हा धडा त्या शब्दांतच सांठविलेला आहे. झिजलेला दोर चुलींत जाई किंवा खतांत जाई. जेथून आला त्या मातीस तो पुन्हां मिळे.

आतां युरोपकडे वळूं. तेथील गलबतांचा सारा भार भांग जातीच्या हेंप नांवाच्या तंतूवर होता. व्हेनिसच्या आरमारी गोदींतील दोर वळण्याची शाळा सुमारें ३१६ मीटर लांबीची होती. इंग्लंडांतील चॅटम येथील अठराव्या शतकांतली शाळा सुमारें ३४६ मीटरांची. जेवढा दोर लांब हवा, तेवढी जागाहि लांब हवी, म्हणून ह्या इमारती अशा विलक्षण. हेंपचा दोर बळकट खरा, पण ओलाव्यानें कुजणारा. म्हणून त्यास डांबर पाजीत.

हेंपच्या दोराची एक कथा रोम शहरांत आजहि सांगतात. १० सप्टेंबर १५८६ रोजीं पोप पांचवे सिक्स्तुस ह्यांच्या आज्ञेनें, दोमेनिको फोंताना ह्या स्थपतीनें, संत पेत्राच्या महामंदिरासमोर एक एकसंध दगडी स्तंभ उभा केला. त्याची उंची सुमारें २५ मीटर, वजन ३०० टनांहून अधिक. शेंकडों माणसें व घोडे दोर ओढीत होते. परंपरागत कथा अशी कीं कोणीहि तोंडांतून शब्द काढूं नये असा कडक हुकूम होता, परंतु दोर घांसून तापूं लागलेले व ढिले पडलेले पाहून सानरेमो गांवचा ब्रेस्का नांवाचा नाविक ओरडला, "दोरांवर पाणी टाका!" पाणी पडतांच दोर आखडले, स्तंभ उभा राहिला, आणि शिक्षेऐवजीं त्यास झावळ्यांच्या रविवारीं रोमला झावळ्या पुरविण्याचा मान मिळाला. कथेस इतिहासाचा पक्का आधार नसला तरी तींतील विज्ञान खरें आहे. वनस्पतीचे तंतु पाण्यानें फुगतात. पिळलेले तंतु फुगले कीं दोर जाड व आखूड होतो. आमच्या घंटेचा दोर पावसाळ्यांत वर कां चढे, ह्याचा उलगडा आम्हांस त्या रोमन स्तंभापाशीं झाला.

एकोणिसाव्या शतकांत फिलिपीन बेटांतील मनिला दोरानें हेंपची जागा घेतली. तो आबाका नांवाच्या केळीच्या जातीच्या झाडापासून होतो, व डांबरावांचूनहि खाऱ्या पाण्यांत चांगला टिकतो. परंतु १९४२ सालीं तीं बेटें जपानच्या ताब्यांत गेलीं, आणि दोस्त राष्ट्रांचा मनिलाचा पुरवठा तुटला. त्याच सुमारास मनुष्यानें स्वतः घडविलेला तंतु हाताशीं आला होता. अमेरिकेंत वॉलेस करॉदर्स ह्यांच्या प्रयोगशाळेंत १९३५ सालीं नायलॉन तयार झालें. युद्धांत त्याच्या दोरांनीं ग्लायडर विमानें ओढलीं. इंग्लंडांत व्हिनफील्ड व डिक्सन ह्यांनीं १९४१ सालीं पॉलिएस्टरचा तंतु शोधला, व तो टेरिलीन ह्या नांवानें प्रसिद्ध झाला. इटलींत जूलिओ नात्ता ह्यांनीं १९५४ सालीं पॉलिप्रॉपिलीन घडविलें. १९६३ सालीं त्यांस कार्ल त्सीग्लर ह्यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. वीस वर्षांच्या आंत हजारों वर्षांचा व्यवहार पालटला.

ह्या दोन कुळांची तुलना करूं. बारा मिलिमीटर जाडीचा मनिला दोर सुमारें एक टन भारानें तुटतो, तर त्याच जाडीचा नायलॉनचा दोर सुमारें तीन टनांस. नवा दोर कुजत नाहीं, त्यास बुरशी खात नाहीं. परंतु सर्व नवे दोर एकसारखे समजणें ही मोठी चूक. नायलॉन तुटण्यापूर्वीं आपल्या लांबीच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतकें लांबतें. म्हणून नांगराच्या दोरास तें उत्तम, कारण लाटेचा धक्का तें गिळतें. तोच गुण घंटेस दोष ठरतो. शिवाय भिजलें असतां त्याची शक्ति १० ते १५ टक्के कमी होते. पॉलिएस्टर फारसें लांबत नाहीं व पाण्यानें फारसें बदलतहि नाहीं, पण पाण्यांत बुडतें. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकें असल्यामुळें तरंगतें, परंतु संरक्षक द्रव्य न मिसळल्यास उन्हानें ठिसूळ होतें. आणि हे सारे दोर घर्षणाच्या उष्णतेनें वितळतात. सण किंवा काथ्या जळतो, वितळत नाहीं. गुळगुळीत नायलॉनवर जुनी गांठ सुटते, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आणखी एक भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. जुना दोर आपलें म्हातारपण लपवीत नाहीं. त्याचे केस उठतात, पीळ उकलून पाहिला तर आंतून भुगा पडतो, कुबट वास येतो. तो मोडण्यापूर्वीं सांगून ठेवितो. नवा दोर वरून चांगला दिसत असतांहि उन्हानें आंतल्या आंत दुबळा झालेला असूं शकतो. आणि पूर्ण ताणलेलें नायलॉन तुटलें तर तें चाबकासारखें मागें उसळतें. जे आमचे बंधु होड्यांवर काम करतात त्यांस आम्ही प्रेमानें सांगतों, कीं ताणलेल्या दोराच्या रेषेंत कोणास, विशेषतः तरुण पोरांस, कधींहि उभें राहूं देऊं नका.

कोळीवाड्यांतील वडील मंडळींस सुती जाळ्यांचे दिवस आठवतात. जाळें दररोज वाळवावें लागे, झाडांच्या सालींच्या काढ्यांत बुडवावें लागे, आणि एवढें करूनहि तें कुजेच. नायलॉनच्या जाळ्यांनीं हे कष्ट वांचविले, हा उपकार कोणीं नाकारूं नये. परंतु त्या उपकारासवें एक संकटहि आलें. पूर्वीं तुटका दोर समुद्रांत टाकीत. तो कांहीं काळानें कुजून जाई. आज आपण तीच संवय चालू ठेवून नायलॉनचा तुकडा पाण्यांत टाकतों, आणि तो वर्षानुवर्षें तेथेंच राहतो. आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांस तो फांस होतो; होडीच्या पंख्यास तो गुंडाळतो; झिजून झिजून त्याचे सूक्ष्म कण पाण्यांत मिसळतात. दोर बदलला, हात मात्र जुनाच राहिला. दोष नायलॉनचा नाहीं. दोष असा कीं नवी वस्तु घेतांना तिच्याबरोबर येणारें नवें कर्तव्य आपण घेतलें नाहीं. घंटेच्या बाबतींत आमचा स्वतःचा अपराधहि ह्याच जातीचा होता. आम्हीं दोराची शक्ति पाहिली, त्याचा स्वभाव पाहिला नाहीं.

ह्यावर उपाय काय? इंग्लंडांतील घंटावादक आज घंटेच्या दोराचा वरचा भाग पॉलिएस्टरचा व हातांत धरावयाचा भाग नैसर्गिक तंतूंचा ठेवितात, असें आम्हांस समजलें. तसेंच आम्हीं केलें. वर न ताणणारा, न आखडणारा पॉलिएस्टरचा दोर. खालीं हातास मऊ असा सुती दोर. आमच्या धर्मग्रामांतील एका वयोवृद्ध तांडेलानें दोहोंचे पेड एकमेकांत गुंफून अशी जोड घातली कीं ती बोटांस लागतहि नाहीं. नायलॉनचा तो दोर आम्हीं टाकला नाहीं. तो आतां एका होडीच्या नांगरास आहे, आणि तेथें तो आपलें काम चोख करीत आहे.

ह्या महोत्सवाच्या वर्षीं आमची प्रत्येक घरास एकच विनंती आहे. जुनें जाळें, तुटकी दोरी, नायलॉनचा लहानसा तुकडासुद्धां समुद्रांत अथवा विहिरीच्या कांठीं टाकूं नका. तो घरीं आणा. देवळाच्या आवारांत, घंटेच्या मनोऱ्याखालीं, त्यासाठीं एक मोठी टोपली ठेविली आहे. गेल्या पावसाळ्यांत दोराचें टोंक जेथें होतें तेथेंच राहिलें, आणि घंटा वेळेवर वाजली. सेवकाचें बांक आतां मोकळें आहे. टोपली त्याच्याच शेजारीं ठेविली आहे. ती भरलेली पाहण्याची आम्हांस उत्कंठा आहे. इतकें निवेदन करून हा लेख पुरा करतों.